सुरी हातात देऊ नये: पिशवीत टोमॅटो घेऊन संगमनेर ते भिंगार

"एक सुरी घ्यायला भिंगारपर्यंत?" आमच्या ह्यांनी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबवला. "अगं, कोपऱ्यावर मिळते की!"

कोपऱ्यावरची आणून झाली होती. फोनवरून मागवलेला गुलाबी-हिरव्या सुऱ्यांचा सेटही आणून झाला होता. तो इतका देखणा होता की शोकेसमध्ये ठेवावा, कारण चिरण्याच्या नावानं बोंब होती. तेव्हा मी ह्यांना म्हटलं, तुम्ही चहा प्या, आम्ही दोघी जाऊन येतो.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. चाळीसेक वर्षं त्यांनी विळीवर भाज्या चिरल्या. पाटावर पाय दाबून बसायचं, गप्पा मारत मारत मेथीपासून फणसापर्यंत काय वाट्टेल ते चिरायचं, आणि नजर मात्र माझ्या कढईवर. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही. कधीच नाही. विळी माळ्यावर गेली. ओट्याला बसवायची विळी पण आणून पाहिली, पण ती ग्रॅनाइटवर अशी सरकली की माझाच जीव घाबरा झाला. मग राहिली सुरी. गुलाबी सुरीनं टोमॅटो चिरायच्या आधी फुटला, आणि दुसऱ्या दिवशी कांद्यावरून घसरून पातं आत्यांच्या बोटात गेलं. फार नाही लागलं. पण त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात यायच्याच थांबल्या.

बाहेर खुर्चीत बसायच्या. "तुझं तू कर बाई." बस्स, एवढंच बोलणं.

आता खरं सांगते. आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण रोज ठरलेलं असायचं. मी भेंडी जाड चिरते आणि आत्या म्हणतात, "बैलाला घालायचीय का?" मी म्हणायची, "बैल तरी नावं ठेवत नाही." झालं, तिथून सुरू. पण ऑपरेशननंतर मी सगळं गिळायला लागले. आजारी माणसाशी काय भांडायचं? आणि त्याही भांडेनात. घर कसं दवाखान्यासारखं शांत झालं होतं. मला ते मुळीच आवडत नव्हतं.

अशात भिंगारहून शुभांगीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा फोन आला. तिला सातवा लागलेला, डोहाळजेवण ठरलेलं. "आई, बाकी काही नको. तुझ्या हातची कोचवलेली काकडी खायचीय." आत्या फोनवर "बघू" म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे देत पुटपुटल्या, "तूच कर तितं. मला काय जमतंय आता."

"आपण लवकर निघू," मी म्हटलं. "वाटेत तुमच्या पसंतीची सुरी शोधू. पण स्वस्तातली हं, रोज वापरायची."

"आन् न्हाई गावली तर?"

"तर मी करीन काकडी. किसणीवर किसून."

"किसून?" आत्या खुर्चीत ताठ झाल्या. "माझ्या लेकीला किसलेली काकडी?" आणि उठून पिशवी भरायला लागल्या. जुनं खोड हलवायचं तर कुठं धक्का द्यायचा, हे सुनेला बरोबर माहीत असतं.

पहिला दिवस: संगमनेर ते बेलापूर

पिशवीत काय होतं ते आधी सांगते, कारण सुरी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकानं हे न्यावं: अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, कोथिंबिरीची एक जुडी आणि दोन काकड्या. ही कल्पना आत्यांची. "लुगडं घेताना अंगाला लावून बगतो, मग सुरी काय नुसती त्वांडाकडं बगून घ्यायची?"

सुरुवात संगमनेरच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून केली. दुकानदारानं कौतुकानं सुरी पुढे केली, तर आत्यांनी हात मागे. "खाली ठेव." तो गोंधळला. आमच्याकडे सुरी, विळी, कात्री कुणाच्या हातात देत नाहीत. हातात दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात. म्हणून देणाऱ्यानं खाली ठेवायची आणि घेणाऱ्यानं उचलायची. आत्या हे इतक्या कडक पाळतात की एकदा डॉक्टरांच्या कंपाउंडरलाही त्यांनी कात्री टेबलावर ठेवायला लावली होती.

त्या दुकानात मी माझी हुशारी पाजळली. एक पिवळ्या मुठीची पातळ सुरी होती, सगळ्यात स्वस्त. मी पातं बोटानं वाकवून दाखवलं. "बघा, वाकतंय. फालतू माल. सुरी कशी वजनदार पाहिजे." आत्यांनीही मान डोलावली. ही चूक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोणीच्या रस्त्यानं निघालो. थंडीचे दिवस, उसाचा हंगाम जोरात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चाललेले. ओव्हरटेकची घाई करू नका, मागच्या ट्रॉलीला कधी कधी लाल दिवा नसतो. बाभळेश्वरच्या चौकात मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव ताजे, दोघींचं मिळून शंभर-सव्वाशेत भागलं. आत्यांनी हॉटेलवाल्याच्या कांदा चिरणाऱ्या माणसाकडे पाच मिनिटं एकटक पाहिलं आणि म्हणाल्या, "फळीवर कसा टकाटका मारतोय. मला न्हाई तसं येत." मी म्हटलं, येईल हो.

बेलापूर आत्यांचं माहेर. रंगनाथमामा, त्यांचे धाकटे भाऊ, वाट बघत उभेच होते. बाजाराचा दिवस धरून गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक बाई पोत्यावर खुरपी, कोयते, सुऱ्या मांडून बसलेली. नवऱ्यानं घरी घडवलेला माल, ट्रकच्या कमानपट्ट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडाचा. आत्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एकेक सुरी उचलून पात्यावर नखानं टिचकी मारली. पहिली "ठप्प" वाजली. दुसरी पण. तिसरी "टण्ण" करून वाजत राहिली. मग अंगठ्याचं नख धारेवर अलगद टेकवलं. सुरी नखावरून घसरली नाही, जागीच अडली.

"ही खरी," आत्या म्हणाल्या. "पोलाद हाय."

मामा म्हणाले, "अक्का, ऊस तोडायला जायचीस का काय?"

सुरी वजनानं भारी होती. पण टोमॅटोवर ठेवून नुसती ओढली तर सालीत अशी उतरली की बघत राहावं. शेजारचा भाजीवाला म्हणाला, "मावशी, टमाटे माझ्याकडं हायेत की, घरून कशाला आणले?" आम्ही सुरी घेतली. बाईनं ती आत्यांच्या सांगण्याआधीच पोत्यावर ठेवली आणि हसली. तिच्याही घरात तीच रीत असणार.

संध्याकाळी मामींनी वांगी काढली आणि टेबलावर फळी मांडली. आत्या उभ्या राहिल्या, सुरी उचलली, दाबली. कांदा फळीवरून पळाला. वांग्याचे तुकडे एक जाड, एक पातळ. चौथ्या वांग्याला त्यांचं मनगट भरून आलं आणि त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नाकापरीस मोती जड," त्या म्हणाल्या. मामी हसल्या, पण आत्या हसत नव्हत्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाल्या, "परवा काकडी तूच कर. किसली तरी चालंल."

किसली तरी चालंल! ह्या बाईनं माझ्या किसलेल्या काकडीला बारा वर्षं नावं ठेवली, आणि आज चालंल? भांडा ना माझ्याशी, असं ओरडावंसं वाटलं. पण मी नुसतं "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

दुसरा दिवस: राहुरीवरून नगर, भिंगार

मामींनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि लोण्याचा गोळा बांधून दिला. राहुरीकडून नगर-मनमाड रस्त्याला लागलो. ह्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुमच्या गाडीचे शॉकअप लिहितील. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आत्यांच्या तोंडात अजून नगर. आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि ती लोखंडी सुरी पेपरात गुंडाळून मागच्या सीटवर पडली होती.

राहुरी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला पेरूवाल्यांच्या गाड्या लागतात. थांबले, म्हटलं आत्यांना पेरू आवडतो, निदान तोंड तरी उघडेल. पेरूवाली एका मोठ्या गाडीवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होती. आत्या दार उघडून, पाय बाहेर सोडून सीटवरच बसलेल्या. थोडा वेळ वाट पाहिली. मग वैतागून त्यांनी क्रेटवर पडलेली पेरूवालीची सुरी उचलली, एक पेरू तळहातावर घेतला आणि सर्रर्र... चार फोडी. मग दुसरा. ह्याच्या तर त्यांनी पातळ पातळ चकत्या काढल्या, हातातल्या हातात, पेरू फिरवत. बियांचा गर बाजूला, चकत्या पेपरवर.

मी तिखट-मिठाची पुडी हातात धरून तशीच उभी.

"आत्या! हे काय केलंत?"

"काय केलं? पैसं देऊ की तिला."

"अहो पैसे नाही. चिरलंत! तुम्ही चिरलंत!"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चकत्यांकडे पाहिलं. "व्हय की गं," म्हणाल्या.

तिथं, ट्रकांच्या धुरात, माझी ट्यूब पेटली. विळीवर पातं हलत नाही, भाजी हलते. आत्यांच्या हातांना भाजी फिरवता येते, पातं आपटता येत नाही. आणि आम्ही काय केलं होतं? त्यांना उभं केलं, पुढ्यात फळी ठेवली, जड सुरी घ्यायला लावली आणि म्हटलं, दाबा! आता पेरू चिरताना त्यांनी सुरी नुसती स्थिर धरली होती आणि पेरू तिच्याकडे नेत होत्या. नेमकी विळीसारखी. फक्त विळी मुठीत होती.

आणि ती सुरी? पिवळ्या मुठीची. पातळ. वाकणारी. संगमनेरात जिला मी फालतू म्हणून बाजूला टाकलं, तिची सख्खी बहीण. पातळ होती म्हणूनच तर जोर न लावता पेरूतून जात होती. जाड पातं फोडी करत नाही, पाचर मारल्यासारखं फळ फोडतं. मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त हसू. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मावशी, ही सुरी देता का?" मी पेरूवालीला विचारलं.

"आन् मी काय दातानं कापू पेरू?" ती म्हणाली. मग आत्यांच्या चकत्या बघून जरा नरम झाली. "भिंगारच्या बाजारात ढिगानं मिळत्यात. पर निवडून घ्या. दिसाया सारख्या, आतून न्हाई."

नगरला भाकरी-ठेचा खाऊन थेट भिंगार गाठलं. गाडी मोकळ्या जागेत लावून चालत जा, जुन्या बाजाराच्या बोळात चारचाकी घालू नका. किराणा, बांगड्या, ट्रंका, लष्करी पट्टे आणि बूट विकणारी दुकानं, मध्येच भट्टीतून निघालेल्या खारीचा वास. एका भांड्यांच्या दुकानात खोकाभर पिवळ्या-लाल मुठीच्या सुऱ्या. भाव पावकिलो चिवड्याइतका. आत्यांना दुकानदारानं स्टूल दिलं आणि सुरी पुढे केली.

"खाली ठेव, बाबा."

"ठेवतो, ठेवतो," तो हसला. "आमची अम्मी पण हातात घेत नाही."

आता वाचकहो, नीट ऐका, कारण स्वस्त सुऱ्यांमध्येच निवड जास्त करावी लागते. महागातली सुरी कंपनीच निवडून पाठवते, स्वस्तातली आपणच निवडायची. आधी सुरी डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत पाहा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. बऱ्याच सुऱ्या केळ्यासारख्या वाकड्या निघाल्या. मग कानाशी धरून हलवा. मूठ खुळखुळली तर पातं आत जेमतेम बोटभर खोचलेलं आहे, महिन्याभरात हातात मूठ आणि भाजीत पातं राहील. पातं वाकवा. वाकू द्या, वाकण्याला घाबरू नका, मी घाबरले आणि पस्तावले. पण सोडल्यावर ते सरळ परत आलं पाहिजे. जे वाकडंच राहिलं ते पत्र्याच्या डब्याचं भावंड. पात्याच्या पाठीवरून बोट फिरवा, ती कडा बोचत असेल तर रोज तिथंच घट्टा पडणार. करवतीसारख्या दातांच्या सुऱ्या टोमॅटोला छान, पण त्यांची धार गेली की घरी लावता येत नाही, म्हणून त्या आम्ही घेतल्याच नाहीत. आणि मूठ ओल्या हातानं धरून पाहा. दुकानदाराकडून पाणी मागायला लाजू नका.

आम्ही लाजलो नाही. आत्यांनी टोमॅटो काढले. सुरी सालीवर ठेवायची आणि दाब न देता ओढायची. खोक्यातल्या बहुतेक सुऱ्या सालीवरून नुसत्या घसरल्या. मग कोथिंबीर. काड्या तुटून धाग्यानं लटकत राहिल्या की समजायचं, धारेला मध्ये दात पडलाय. काउंटरवर टोमॅटोचा ढीग साठला.

"मावशी, आता चाट करू का?" दुकानदारानं विचारलं.

"मीठ असंल तर कर," आत्या म्हणाल्या. मान वर न करता. मला मनातून टाळी वाजवावीशी वाटली. आमच्या आत्या परत येत होत्या.

शेवटी एक लाल मुठीची राहिली. मला पिवळीच हवी होती, पेरूवालीसारखी.

"रंग खायचाय का तुला?" आत्या म्हणाल्या. मी लालच घेतली.

तिसरा दिवस: डोहाळजेवण आणि परत

शुभांगीच्या क्वार्टरमध्ये सकाळपासून बायकांची गर्दी. कुणी फुलांचे दागिने गुंफतंय, कुणी पुरण वाटतंय. आत्या स्वयंपाकघरात खुर्चीत बसल्या, मांडीवर परात. फळी नाही. मी सुरी टेबलावर ठेवली, त्यांनी उचलली. सोललेली काकडी डाव्या हातात घेतली आणि क्षणभर थांबल्या. कोचवायची म्हणजे आधी काकडीवर सगळीकडून उभे वार करायचे, बारीक, जवळजवळ, आणि मग आडवी पातळ चिरायची. विळीवर काकडी पात्यावर आपटतात. इथं उलटं होतं. बोटाची जखम भरली होती, भीती भरली होती की नाही, मला माहीत नव्हतं.

टच. एक वार. मग टच टच. मग टचटचटचटच, मनगट सैल, सुरी हलकी, काकडी तळहातावर गोल फिरतेय. सुरी जड असती तर दहा वारांत हात भरून आला असता. परातीत हिरवट पांढरा भुगा पडायला लागला, चिमणीच्या तोंडाला होईल एवढा.

आवाज ऐकून शुभांगी दारात आली. हिरवी साडी, कानात मोगऱ्याचे झुबे, चालताना कमरेवर हात.

"आई, तू करतेयस?"

"मंग काय तुझी वैनी करती? ती किसणार हुती!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि डोळे पुसले. कांदा कुणी चिरत नव्हतं, त्यामुळे बहाणा पण नव्हता. दाण्याचं कूट, मिरची, जिऱ्याची फोडणी, लिंबू. शुभांगीनं ताट मांडायची वाट पाहिली नाही, वाटीतूनच बोटांनी खाल्ली. "तीच चव," ती म्हणाली. आत्यांनी पदरानं सुरी पुसली. दोनदा पुसली.

दुपारी ओटी भरून झाल्यावर निघालो आणि दिवेलागणीला संगमनेरात घरी.

ह्या सहलीतलं काय राहिलं? लोखंडी सुरी राहिली. वाया नाही गेली, लाल भोपळा आणि सुरण फोडायला माझ्याकडे आहे. मी ती धुवून लगेच कोरडी करते आणि तेलाचं बोट फिरवते, नाहीतर गंजते. लाल मुठीच्या सुरीला धार लावायला आत्या आठवड्यातून एकदा चिनीमातीच्या कपाच्या बुडावर चार हात मारतात. ह्यांचा आवडता कप त्यासाठी जप्त झालाय. पेरूच्या बिया अजून गाडीत सापडतात.

आणि परवाची गोष्ट राहिली. आत्या ओट्याजवळ खुर्ची ओढून बसल्या, मांडीवर परात, परातीत भेंडी. सुरी माझ्याजवळ होती. मी नेहमीप्रमाणे ती ओट्यावर ठेवली, पण त्यांच्यापासून जरा लांब पडली. गुडघ्यावर जोर देऊन त्या उठायला लागल्या, मग परत बसल्या आणि हात पुढे केला.

"दे हातात."

"आत्या, हातात? भांडण होईल."

"मंग होऊ दे की!" त्या अशा कडाडल्या की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. "ऑपरेशन झाल्यापासनं तू एकदा तरी धड भांडलीस का माझ्यासंगं? व्हय आत्या, बरं आत्या, असूद्या आत्या! मी काय मेले का काय?"

मी सुरी उचलली, मूठ त्यांच्याकडे केली आणि त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी भेंडीच्या फोडींवरून आमचं असं जोरदार भांडण झालं की ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.